सर्व्हर पाहावा सांभाळून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडची म्हण आहे. ही दोन्ही कामे ज्याने केली, त्यालाच त्यातला खर्च आणि खटाटोप कळतो. या म्हणीला आता तिसरा तुकडा जोडायला हरकत नाही: सर्व्हर पाहावा सांभाळून. आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

कविता लिहिणाऱ्या माणसाने सर्व्हरवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण कवितेवर कुणाची चूल पेटत नाही. मी मराठी घेऊन बीए झालो आणि सांगलीतल्या एका लहान कंपनीत हिशेब लिहायला लागलो. कंपनीत संगणक आला तेव्हा टायपिंग येणारा मी एकटाच होतो, म्हणून त्याच्यापुढे बसलो. पुढे एका संगणकाचे चार झाले, इंटरनेट आले, मग सर्व्हर आला आणि त्याच्या किल्ल्या आपसूक माझ्याकडे आल्या. आज माझ्याबरोबर दोन तरुण अभियंते आहेत. ते मला चाचा म्हणतात. मालक मला कविराज म्हणतात. काही बिघडले असेल तेव्हा जरा मोठ्याने.

आमची कंपनी अडत दुकानदारांसाठी वेबसेवा चालवते. सौद्यात हळदीचा किंवा बेदाण्याचा दर ठरला की दुकानातले दिवाणजी वजन आणि दर भरतात. मग हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी निघते, खरेदीदाराचे बिल निघते, ट्रकसाठी ई-वे बिल निघते. हे सारे आमच्या सर्व्हरवर चालते. तो बंद पडला तर ट्रक उभे राहतात, हमाल बसून राहतात आणि पहाटे गावाहून निघालेला शेतकरी हातात पट्टी नसताना संध्याकाळच्या एसटीची वाट बघतो. त्या कागदावर त्याच्या वर्षाचा हिशेब असतो.

सर्व्हर म्हणजे काय, हे मी जुन्या व्यापाऱ्यांना पेवाच्या उदाहरणाने सांगतो. सांगलीशेजारच्या हरिपुरात हळदीची पेवे होती. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद, आत ऐसपैस. व्यापाऱ्याने हळद आत ठेवायची, पेव बंद करायचे, आणि भाव आला की माल जसाच्या तसा बाहेर काढायचा. माल व्यापाऱ्याचा, जागा दुसऱ्याची आणि भरवसा पेववाल्यावर. सर्व्हर असेच एक पेव आहे. फरक इतकाच की हे पेव रात्रंदिवस उघडे असते आणि जगभरातून कुणीही त्याच्या तोंडाशी येऊन आत डोकावू शकतो.

या यंत्रावर सर्वांत खाली असते ती कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. कुणी विंडोज सर्व्हर घेतो, कुणी लिनक्स. तिच्यावर अपाचे किंवा एनजिनएक्ससारखा, वेबवरून येणाऱ्या मागण्यांना उत्तर देणारा प्रोग्रॅम. त्याच्या जोडीला माहितीसाठा सांभाळणारा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल. या सगळ्याला मिळून प्लॅटफॉर्म म्हणतात. मी त्याला घराचे जोते म्हणतो. भिंतींचा रंग कधीही बदलता येतो. आत माणसे नांदत असताना जोते बदलणे हे मात्र फार अवघड काम. म्हणून निवड करतानाच चार प्रश्न विचारावेत, असे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर वाटते. यंत्र किती वेगवान, किंमत किती, हे प्रश्न विक्रेता आपणहून सांगतो. हे चार मात्र आपल्यालाच विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: हे किती वर्षे सांभाळले जाणार, आणि तसे वचन कोणी दिले आहे?

प्रत्येक प्रणालीला आयुष्याची तारीख असते. मायक्रोसॉफ्ट आपल्या सर्व्हर प्रणालीला साधारण पाच वर्षे मुख्य आणि पाच वर्षे वाढीव आधार देत आली आहे. विंडोज सर्व्हर २००३ ची मुदत १४ जुलै २०१५ ला संपली, २०१२ ची १० ऑक्टोबर २०२३ ला. लिनक्समध्ये उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे मिळतात; डेबियनला तीन आणि वर दोन. तारीख उलटली म्हणून यंत्र बंद पडत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. औषधाच्या बाटलीवरची तारीख गेली तरी औषध दिसायला तसेच असते. इथेही पट्ट्या निघत राहतात, बिले निघत राहतात. फक्त उद्या प्रणालीत नवे भोक सापडले तर ते बुजवायला कोणी येत नाही.

आता वचनाची गोष्ट. रेड हॅट ही अमेरिकेतली कंपनी लिनक्सची एक भक्कम आवृत्ती करते आणि वर्गणी घेऊन ती सांभाळून देते. तिचा मूळ कोड खुला असल्यामुळे काही स्वयंसेवकांनी २००४ मध्ये त्याच कोडमधून जवळजवळ तशीच, पण विनाशुल्क प्रणाली बांधली. तिचे नाव सेंटओएस. जगभरच्या होस्टिंग कंपन्यांनी, विद्यापीठांनी, प्रयोगशाळांनी ती घेतली. २०१४ मध्ये रेड हॅटने हा प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट विकत घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात सेंटओएस ८ आली, आणि तिचे आयुष्य २०२९ पर्यंत असल्याचे सांगण्यात आले.

मग ८ डिसेंबर २०२० चा दिवस उजाडला. त्या दिवशी जाहीर झाले की सेंटओएस ८ ची देखभाल ३१ डिसेंबर २०२१ ला थांबेल. दहा वर्षांच्या भरवशावर जोते घातलेल्यांच्या हाती एक वर्ष उरले. गंमत अशी की त्याहून जुन्या सेंटओएस ७ ची तारीख हलली नाही. ती जून २०२४ पर्यंत चालली. ज्यांनी वेळेवर नवी आवृत्ती घेतली त्यांनाच आधी घर सोडावे लागले.

कंपनीची बाजू नव्हती असे नाही. दुरुस्त्या करणाऱ्या अभियंत्यांचे पगार तिलाच द्यावे लागतात, आणि सेंटओएस स्ट्रीम नावाची दुसरी वाट तिने खुली ठेवली होती. पण व्यवसायाला हवी असते न बदलणारी जमीन, आणि स्ट्रीम ही पुढच्या आवृत्तीच्या दिशेने सतत सरकणारी. सेंटओएसच्या आरंभकर्त्यांपैकी एक, ग्रेगरी कुर्त्झर, यांनी लगेच नवा प्रकल्प जाहीर केला आणि रॉकी मॅकगॉ या आपल्या दिवंगत सहकाऱ्याच्या आठवणीसाठी त्याला रॉकी लिनक्स हे नाव दिले. दुसऱ्या एका गटाने अल्मालिनक्स उभे केले. अल्मा म्हणजे स्पॅनिश भाषेत आत्मा. २०२१ मध्ये दोन्ही प्रणाली वापरात आल्या. युरोपातली सर्न आणि अमेरिकेतली फर्मीलॅब या प्रयोगशाळांनी २०२२ मध्ये अल्माची शिफारस केली. घर बदलावे लागले, पण वाऱ्यावर कोणी पडले नाही. कोड खुला असण्याचा हा मोठा फायदा.

आम्ही २०१९ च्या उत्तरार्धात डेबियन घेतली. त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. सांगली-मिरजेत डेबियन जाणणारी दोन-तीन माणसे होती, अडले-नडले तर ती येऊ शकत होती, एवढेच आम्ही पाहिले. गावातला गवंडी ज्या दगडाला ओळखतो त्या दगडाचे जोते घालावे, असे माझे मत आहे. तेव्हापासून आम्ही दोनदा नव्या आवृत्तीवर गेलो. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतल्या पात्रांची नावे असतात. आमच्या पहिलीचे नाव एका कुत्र्याचे होते, दुसरीचे घोड्याचे, आणि आताचीचे बुकवर्म, म्हणजे पुस्तकी किडा. तिच्या दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळायच्या आहेत. ती तारीख आमच्या भिंतीवर लिहिलेली आहे.

दुसरा प्रश्न: भोके बुजवणारी माणसे कोण आहेत?

डेबियनची सुरुवात १९९३ मध्ये इयान मरडॉक या विद्यार्थ्याने केली. आपली मैत्रीण डेब्रा हिचे नाव आणि आपले नाव जोडून त्याने प्रणालीचे बारसे केले. आज ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरातले शेकडो स्वयंसेवक ती सांभाळतात. तिचे वचन कुठल्या कंपनीच्या बैठकीत रद्द होत नाही. मात्र माणसे थकू शकतात. कंपनीची प्रणाली घ्या, मालकाचे मन बदलण्याचा धोका. स्वयंसेवकांची घ्या, त्यांचा श्वास संपण्याचा धोका. दोन्ही खरे आहेत.

याचे एक उदाहरण ७ एप्रिल २०१४ ला जगासमोर आले. बँकेच्या पानावर कुलपाचे चिन्ह दिसते ना, त्यामागे गुप्तता राखणारा एक प्रोग्रॅम असतो. ओपनएसएसएल हा त्यातला सर्वांत प्रचलित. त्यात २०१२ पासून एक भोक होते आणि त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतले तुकडे, पासवर्डसुद्धा, बाहेर काढता येत होते. हार्टब्लीड या नावाने तो दोष ओळखला जातो. त्या निमित्ताने आणखी एक गोष्ट उघड झाली. जगातल्या लाखो सर्व्हरचे कुलूप सांभाळणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. नंतर मोठमोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला. गावच्या विहिरीवर सगळे पाणी भरतात, गाळ काढायला मात्र एकटा उतरतो. त्यातलाच हा प्रकार.

दुसरे उदाहरण अलीकडचे, मार्च २०२४ चे. एक्सझेड नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. फायली दाबून लहान करणे, एवढेच त्याचे काम. तो अनेक वर्षे एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता आणि थकला होता. त्याच्या मदतीला जिया टॅन या नावाने कोणीतरी आले. दोनेक वर्षे नेमाने काम केले, विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या आणि मग आत एक चोरदरवाजा बसवला. तो जगभरच्या सर्व्हरवर पोहोचला असता. पण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरताना काही खटकले. त्या कामाला एरवीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. त्याने ते सोडून दिले नाही, खणत गेला आणि चोरदरवाजा सापडला. वृत्तात एक मात्रा वाढली की कान टोचतो, हे कवींना ठाऊक आहे. अर्ध्या सेकंदाने कान टोचणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला.

त्यावेळी डेबियनची जी स्थिर आवृत्ती आम्ही वापरत होतो, तिच्यात हा चोरदरवाजा नव्हता. तिच्यात नवे सामान उशिरा येते, पारखून येते. आमचे तरुण अभियंते कधीकधी कुरकुरतात, ‘चाचा, आपल्याकडे सगळं दोन वर्षांनी जुनं असतं.’ मी म्हणतो, व्यवसायाच्या पेवात माल मुरलेलाच बरा. पण दैवावर विसंबू नये म्हणून एक सुधारणा झाली. आमच्या मालकांनी ज्या खुल्या प्रकल्पांवर आमचा धंदा उभा आहे, त्यांतल्या दोघांना दरवर्षी थोडी रक्कम पाठवायला सुरुवात केली. वहीत ती दुरुस्ती-देखभाल खात्यावर पडते. ती तिथेच शोभते.

तिसरा प्रश्न: दुरुस्ती आली तर ती आपल्या यंत्रात बसवणार कोण, आणि केव्हा?

इक्विफॅक्स ही अमेरिकेतली कंपनी लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवते. अपाचे स्ट्रट्स नावाच्या, वेबसेवा बांधण्याच्या साधनात एक गंभीर दोष आढळला आणि मार्च २०१७ मध्ये त्याची दुरुस्तीही फुकट उपलब्ध झाली. कंपनीच्या एका सर्व्हरवर ती बसवली गेली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि जुलैपर्यंत आत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची माहिती गेली. येणाजाणाऱ्या संदेशांवर नजर ठेवणारे एक उपकरणही कंपनीकडे होते. त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपल्याने ते आंधळे झाले होते. २०१९ च्या तडजोडीत कंपनीला किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलर मान्य करावे लागले. औषध फुकट होते, कपाटात होते, दिले गेले नाही.

मग आलेली प्रत्येक दुरुस्ती डोळे मिटून बसवावी काय? तेही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष बदलामुळे विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली. विमाने अडकली; आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. उशीर केला तर चोर शिरतो, घाई केली तर छप्पर कोसळते. यावर उपाय एकच, तो म्हणजे शिस्त.

आमची शिस्त साधी आहे. खऱ्या सर्व्हरसारखाच एक जुळा सर्व्हर आहे. दुरुस्ती आधी त्याच्यावर बसते. तिथे वीस नमुना पट्ट्या, दहा बिले काढून बघतो. मग सौदे नसलेल्या दिवशी, रविवारी सकाळी, ती खऱ्या सर्व्हरवर जाते. तातडीची असेल तर त्याच रात्री. याशिवाय दर आठवड्याला चार गोष्टी बघायच्या: डिस्क किती भरली, सुरक्षा प्रमाणपत्र केव्हा संपते, सोडून गेलेल्या माणसाचे खाते उघडे राहिले का, आणि नोंदी नीट साठतात का. या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपायच्या आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे, असा आदेश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढला आहे. सर्व्हर बंद पडण्याची बरीच कारणे अशी किरकोळ असतात. डिस्क भरते, प्रमाणपत्र संपते. त्यात चोराचा काही संबंध नसतो.

चौथा प्रश्न: सगळे गेले तर परत कसे उभे करणार?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याकडून चुकीच्या यंत्रावरचा माहितीसाठा पुसला गेला. घाबरण्याचे कारण नव्हते, कारण प्रती ठेवण्याच्या पाच व्यवस्था होत्या. एकेक उघडून बघितली तर पाचांपैकी एकही भरवशाने चालत नव्हती. एक तर आवृत्ती न जुळल्याने रोज नापास होत होती आणि तिच्या नापासाचे ईमेलही पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी कुणी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढली होती, तिच्यामुळे कंपनी वाचली. त्यांनी सारी दुरुस्ती लोकांसमोर केली आणि पुढे सविस्तर अहवालही छापला. अशा प्रामाणिकपणामुळे आमच्यासारखे शिकतात.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हरची एक इमारत जळून खाक झाली. ज्यांची मूळ माहिती आणि तिची प्रत दोन्ही त्याच जागी होत्या, त्यांचे दोन्ही गेले. आपल्याला आगीपेक्षा पाण्याची ओळख अधिक. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या कित्येक पेवांत पाणी शिरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा पुन्हा पेठेत आली. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने दुकानात संगणक ठेवला होता आणि रोज संध्याकाळी न चुकता प्रत काढून ती डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवत असे. त्याच्या मेहनतीत काही कमी नव्हते. पाणी ओसरल्यावर दोन्ही चिखलात सापडले. त्या वर्षी त्याने उधारी गिऱ्हाइकांच्या आठवणीवर आणि इमानावर वसूल केली. ते बघूनच आम्ही आमचा सर्व्हर मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतला आणि एक प्रत तिसऱ्याच शहरात ठेवली. जाणकारांचा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दूर गावी.

इथे कोणी विचारेल, हल्ली क्लाउड आहे, मोठ्या कंपन्या सारे बघतात, मग ही कटकट कशाला? क्लाउड चांगला आहे. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईतच त्याची सोय केली. पण ते भाड्याचे घर आहे. भिंती, वीज, पाणी मालक बघतो. दाराला कुलूप लावणे आणि गॅस बंद करणे भाडेकरूचेच काम. आणि घर सोडायची वेळ आली तर आपले सामान आपल्याला उचलता येईल अशाच मापाचे ठेवावे. आम्ही पोस्टग्रेस घेतला तो याचसाठी. उद्या घर बदलले तरी माहितीचे गाठोडे तसेच नेता येते.

श्रोतेहो, या सगळ्यात सर्वांत अवघड गोष्ट यंत्राची नाही. सांभाळलेले काम दिसत नाही, ही खरी अडचण. दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीला मालकांनी मला बोलावले.

‘कविराज, वर्षभरात काय काय बिघडलं, सांगा बघू.’

‘तसं काही नाही, शेठ.’

‘मग दर रविवारी या पोरांना कशाला बोलावता? जादा भत्ता कशाचा द्यायचा? बंद करू या का?’

मी आधी हिशेब मांडला. वर्षाचे तास ८७६०. सेवा ९९ टक्के चालू राहिली तर ऐकायला बरे वाटते, पण बंद तास होतात जवळजवळ ८८, म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक. ९९.९ टक्क्यांना पावणेनऊ तास. ९९.९९ ला ५३ मिनिटे. त्यातले साडेतीन दिवस ऐन हंगामात आले तर काय, हे अडत पेठेत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पण आकड्यांनी मन वळत नाही. मालक म्हणाले, ‘बघू.’

मी त्यांना येत्या रविवारी चहाला कचेरीत बोलावले. त्या दिवशी आमची महिन्याची तालीम होती. दुसऱ्या गावची प्रत आणायची, कोऱ्या यंत्रावर सगळी सेवा नव्याने उभी करायची आणि घड्याळ लावायचे. पहिल्या तालमीला आम्हाला अख्खा दिवस लागला होता. त्या रविवारी दोन तास दहा मिनिटे लागली. यंत्र उभे राहिल्यावर मी मालकांना म्हटले, ‘शेठ, तुम्हाला आठवेल ती कोणतीही पट्टी मागा.’ त्यांनी आदल्या वर्षीच्या हंगामातल्या एका शेतकऱ्याचे नाव सांगितले. दराबद्दल तक्रार घेऊन तो त्यांच्यापर्यंत आला होता, म्हणून लक्षात होता. पट्टी निघाली. मालकांनी चष्मा लावून वजन, दर, हमाली, तोलाई एकेक ओळ वाचली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. भत्ता चालू राहिला. त्यानंतर तालमीच्या रविवारी ते अधूनमधून येऊन बसतात आणि मुद्दाम जुनी जुनी नावे काढतात.

छापून झालेल्या कवितेला पुन्हा कोणी ठिगळ लावायला जात नाही, वेबसेवेला मात्र दर आठवड्याला लावावे लागते. त्यात कमीपणा नाही. आपले दुकान असेल, पतसंस्था असेल, दवाखाना असेल, कुठेतरी एक सर्व्हर आपल्या नावाने चालू आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि लोकांची माहिती पुरेशी जपली नाही तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण दंड बाजूला ठेवला तरी त्या पेवात माल लोकांचा आहे, हे विसरून चालत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. दिवाळीत व्यापारी नव्या वह्या आणतात, पूजा करतात. त्यातल्या एका वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहून ठेवा. आपली प्रणाली कोणती आणि तिची मुदत कोणत्या तारखेला संपते. ती दुरुस्त करणारे कोण. त्या दुरुस्त्या आपल्याकडे बसवणारा माणूस कोण, आणि तो रजेवर असेल तर दुसरा कोण. आणि प्रत शेवटची कधी उघडून पाहिली. या चारांपैकी एखादी ओळ कोरी राहिली, तर उद्या सकाळी आपल्या संगणकवाल्याला चहाला बोलवा.